सोपाऱ्याची तेरा खापरे

मुंबईच्या उत्तरेस, वसईजवळ सोपारा नावाचे गाव आहे. नालासोपाऱ्याच्या आजच्या दाटीत त्याची ओळख पुसट झाली असली, तरी शूर्पारक या नावाने हे बंदर एके काळी समुद्रापलीकडील व्यापाऱ्यांना ठाऊक होते. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही येथेच सापडला. या गावी मातीचा एक उंचवटा होता व लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. टोपल्या विणणाऱ्याला राज्य कसे मिळाले, असे दंतकथेला विचारावयाचे नसते.

इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उंचवटा उकरविला. डॉ. भाऊ दाजींच्या सहवासात तयार झालेल्या या जुनागढच्या विद्वानाला तेथे कोट नव्हे, तर बौद्ध स्तूप गवसला. त्याच्या गाभ्यात दगडाची एक वाटोळी पेटी होती. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ बैठ्या ब्राँझमूर्ती : सात बुद्धांच्या आणि पुढे अवतरणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या पोटात सोन्याचा. शिवाय सोन्याची फुले होती. आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याची तेरा खापरे!

श्रोतेहो, येथे अस्थी नव्हत्या, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. बौद्ध परंपरेत पूज्य अवशेष तीन प्रकारचे मानतात : शरीराचे, वापरातल्या वस्तूंचे आणि केवळ स्मरणार्थ घडविलेले. ही खापरे दुसऱ्या प्रकारची, म्हणजे प्रत्यक्ष बुद्धाच्या भिक्षापात्राची, असा निष्कर्ष भगवानलालांनी काढला. स्तूप रचणाऱ्यांची श्रद्धा तशीच असावी, हे मला पटते. पात्र खरोखर बुद्धाचे होते काय, हा प्रश्न निराळा. कारण इ. स. ४०० च्या सुमारास चिनी यात्रेकरू फाहियान याने बुद्धाचे भिक्षापात्र पेशावरला पाहिले होते, आणि तेही अखंड. ते पळवून नेण्यासाठी एका राजाने हत्ती जुंपले, पण हत्तींनी गुडघेच टेकले, अशी कथा त्याने नोंदविली आहे. चार लोकपालांनी दिलेली चार पाषाणपात्रे एकवटून बुद्धाचे पात्र झाले, असेही ग्रंथ सांगतात. सोपाऱ्याचे पात्र मात्र साधे मातीचे. गंमत अशी की, विनयाच्या नियमांनी भिक्षूला लोखंडाचे किंवा मातीचेच पात्र वापरण्याची मुभा दिली आहे. म्हणजे नियमाच्या बाजूने पाहिले, तर आपली खापरेच अधिक शोभतात.

खरे कोडे पुढेच आहे. पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे एक रुप्याचे नाणेही मिळाले. हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. त्या आठ मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. तेव्हा निदान एकदा तरी कोणी हा स्तूप उघडला, मूर्ती मांडल्या आणि तो पुन्हा बंद केला. उघडणाऱ्याने सोने उचलले नाही. उलट आठ मूर्तींची भर घातली. त्याने नाव कोरून ठेवले नाही.

ही सारी सामग्री पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आली. करंडकांच्या झळाळीपुढे त्या तेरा खापरांकडे लक्ष जाण्यास जरा वेळ लागतो.