कॉव्हेंट्री कॅथीड्रल

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराच्या जुन्या भागातील प्रसिद्ध चर्चवास्तू. चौदाव्या-पंधराव्या शतकांत बांधलेल्या सेंट मायकेल या पॅरिश चर्चला १९१८ मध्ये कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. दुसऱ्या महायुद्धात १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री झालेल्या जर्मन बाँबवर्षावात ते जळाले. सु. ९० मी. उंचीचा शिखरयुक्त मनोरा आणि बाह्य भिंती तेवढ्या उरल्या.

पुनर्रचनेसाठी जाइल्स गिल्बर्ट स्कॉट (१८८०–१९६०) यांनी केलेला आराखडा मान्य झाला नाही व १९४७ मध्ये त्यांनी हे काम सोडले. पुढे खुली स्पर्धा जाहीर करण्यात आली. तीत आलेल्या २१९ आराखड्यांतून १९५१ मध्ये बॅसिल स्पेन्स (१९०७–७६) यांची निवड झाली. शहरात घरांची तीव्र टंचाई असल्याने चर्चचे बांधकाम लांबणीवर टाकावे, असा नगरपालिकेचा आग्रह होता. तथापि १९५४ मध्ये शासनाने बांधकामास परवानगी दिली. कोनशिला १९५६ मध्ये बसविण्यात आली आणि २५ मे १९६२ रोजी वास्तूचा पवित्रीकरण-विधी झाला.

जागेची अडचण हा या रचनेतील मुख्य प्रश्न होता. पश्चिमेस होली ट्रिनिटी चर्च, दक्षिणेस मध्ययुगीन सेंट मेरी गिल्डहॉल आणि मध्ये भग्नावशेष, अशी ही दाटीची जागा होती. जुन्या भिंती पाडून त्याच जोत्यावर नवे चर्च उभारणे शक्य होते. स्पेन्स यांनी मात्र भग्नावशेष उघड्या प्रांगणाच्या रूपात जतन केले व नवी वास्तू त्यांच्या उत्तरेस, जुन्या अक्षाशी काटकोनात योजिली. त्यामुळे वेदी पूर्वेस असावी हा परंपरागत संकेत सोडावा लागून ती उत्तरेस आली. दोन्ही वास्तू उंच द्वारमंडपाने जोडल्या आहेत. द्वारमंडपाकडील भिंत काचेची असून तीवर जॉन हटन यांनी संत व देवदूत कोरले आहेत; तीमधून उपासकाला भग्नावशेष सतत दिसतात. जुन्या दगडाशी मेळ साधणारा तांबूस वालुकाश्म बाहेरून वापरल्याने नवेपणाचा विसंवाद पुष्कळसा टळला आहे.

अंतर्भागात सडपातळ काँक्रीट स्तंभांनी तोललेले जाळीदार छत आहे. नागमोडी भिंतींतील चित्रकाचांच्या खिडक्या वेदीकडे प्रकाश टाकतात. प्रवेश करणाऱ्यास त्या दिसत नाहीत, वेदीपाशी जाऊन मागे वळल्यावरच दिसतात. ग्रेअम सदर्लंड यांची प्रचंड चित्रजवनिका, जॉन पायपर यांनी आरेखिलेली बाप्तिस्मागृहाची चित्रकाच आणि जेकब एप्स्टाइन यांचे सैतानावर विजय मिळविणाऱ्या सेंट मायकेलचे शिल्प या कलाकृती उल्लेखनीय आहेत.

परंपरावाद्यांना ही वास्तू फार नवी वाटली, तर आधुनिकतावाद्यांपैकी काहींना ती पुरेशी नवी वाटली नाही. तरीही जुन्याची नक्कल न करता व त्याला पुसूनही न टाकता जुन्या वस्तीत भर घालता येते, हे तिने दाखवून दिले. त्याची किंमत दुहेरी होती : घरांची निकड असताना चर्चवर झालेला खर्च आणि वेदीच्या दिशेचा शतकानुशतकांचा संकेत. अशी किंमत देऊन जपलेले भग्नावशेष आज या वास्तूच्या अनुभवाचा अविभाज्य भाग झाले आहेत. १९८८ मध्ये नव्या कॅथीड्रलला प्रथम श्रेणीची संरक्षित वास्तू म्हणून मान्यता मिळाली.