माथेरान : वाटेनें राखलेलें रान

अरण्यें राखण्याचे जे उपाय राज्यकर्त्यांस आजवर सुचले, त्यांत कुंपण, पहारा आणि दंड हे तीन प्रमुख होत. परंतु जें रान लोकांनीं येऊन पाहावें अशीच योजना आहे, तेथें हे तिन्ही उपाय अपुरे पडतात. कारण तेथें चोरापेक्षां पाहुण्यापासूनच रानास अधिक भय असतें. असा पाहुणा आवरावा कसा, या प्रश्नाचें एक उत्तर माथेरानच्या इतिहासांत सांपडतें. तें विचारांत घेण्याजोगें आहे असें आम्हांस वाटतें.

१८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे हा डोंगर चढून गेले. पुढें मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं तेथें बंगला बांधला, आणि मुंबईच्या उकाड्यास कंटाळलेल्या धनिकांची रीघ लागली. मॅलेटनें माथेरान ‘शोधून काढलें’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. पण ठाकूर, कातकरी व धनगर यांस हा डोंगर त्यापूर्वींच ठाऊक होता. शोध लागला तो डोंगराचा नव्हे. त्याच्या थंड हवेच्या उपयोगाचा, एवढेंच म्हणणें न्याय्य होईल.

१९०७ सालीं आदमजी पीरभाई यांच्या द्रव्यबळावर व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या परिश्रमानें नेरळहून वर जाणारी, अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी सुरू झाली. ही गाडी नागमोडी वळणें घेत सावकाश चढते. तिच्यामागून मोटारी मात्र गांवांत शिरल्या नाहींत. त्या आजहि दस्तुरी नाक्यावर थांबतात. केंद्र सरकारनें २००३ सालीं माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तेव्हां या जुन्या रीतीस कायद्याचें पाठबळ मिळालें.

या एका निर्बंधाचें फळ मोठें आहे. मोटार नाहीं, म्हणून रुंद सडक नको. सडक नको, म्हणून झाडांवर कुऱ्हाड नको. महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेशहि २००१ सालीं असाच संरक्षित झाला. परंतु तेथें मोटार थेट ‘पॉइंटां’पर्यंत जाते, आणि सुटीच्या दिवसांत तिच्या रांगा कोणासहि दिसतात. दोन्हीं ठिकाणीं कायद्याचा हेतु एकच. भेद आहे तो पाहुणा कसा येतो यांत.

तरीपण नुसती मोटार अडविल्यानें सर्व साधतें असें नाहीं. माथा जांभ्या दगडाचा. वरची तांबडी माती पातळ. हजारों पावलें व घोड्यांच्या टापा ती उन्हाळ्यांत मोकळी करतात, आणि पावसाळा ती दरींत वाहून नेतो. वाटेच्या कडेच्या झाडांचीं मुळें उघडीं पडतात. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत तर रेल्वेचा मार्गच उद्ध्वस्त झाला. गाडी पुन्हां सुरू व्हावयास २००७ साल उजाडलें. म्हणून वाटा बांधणें, पाण्यास वळण देणें आणि थकलेल्या वाटेस विसांवा देणें हें रानरक्षणाचें नित्याचें काम समजलें पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न माणसांचा आहे. मोटार नाकारली तरी आजारी, वृद्ध व आळशी हे वर जाणारच. त्यांचा भार दीर्घकाळ माणसांनीं ओढला. रानाच्या सांवलीचें मोल पाहुण्यानें पैशानें दिलें. रिक्षा ओढणाऱ्यानें तें छातीच्या धापेनें दिलें. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा व त्यांच्या जागीं विजेच्या रिक्षा आणण्याचा आदेश दिला. माणसाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीनें हा निर्णय यापूर्वींच व्हावयास हवा होता.

मात्र येथेंच खरी सावधगिरी हवी. विजेची रिक्षा ओढणाऱ्यांच्याच हातीं राहिली आणि तिची संख्या मोजकी ठेविली, तर रान व माणूस दोघांसहि न्याय मिळेल. पण तिच्या सोयीसाठीं उद्यां वाट रुंद झाली, तर ज्या मोटारीस नाक्यावर थांबविलें तीच दुसऱ्या रूपानें आंत येईल. संख्या ठरविणें हें सरकारचें काम. परंतु धडधाकट पाहुण्यानें पायीं चालावयाचें, हें ठरविणें आपल्याच हातीं आहे. शे-सव्वाशें वर्षें माथेरान टिकलें तें तेथें पोंचण्यास थोडे कष्ट पडत म्हणून. ते कष्ट आजवर गरिबानें सोसले. आतां ते आपण सोसावेत, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.