मालकाच्या गळ्यातला पट्टा

बगदादजवळच्या तेल हरमल या टेकाडात 1945 आणि 1947 साली मातीच्या दोन पाट्या सापडल्या. त्यांवर एश्नुन्ना या नगरराज्याचे, सुमारे 3800 वर्षांपूर्वीचे कायदे कोरलेले होते. त्यातलं एक कलम कुत्र्याचं. कुत्रं चावरं आहे, पेठेच्या कारभाऱ्यांनी मालकाला तशी समज दिली आहे, तरी त्यानं ते आवरलं नाही आणि ते चावून माणूस दगावला, तर मालकानं 40 शेकेल चांदी भरायची. आपल्या मापानं अठ्ठावीसेक तोळे. मेलेला गुलाम असेल तर 15 शेकेल. या कलमाच्या आधी मारक्या बैलाचं कलम येतं, नंतर कलत्या भिंतीचं. अट तिन्हींना एकच, आधी समज दिलेली हवी. कुत्रं चावलं म्हणून नव्हे, सांगूनही आवरलं नाही म्हणून मालक दोषी ठरायचा.

नवव्या शतकात इंग्लंडच्या आल्फ्रेड राजानं हिशेब वेगळा मांडला. पहिल्या चाव्याला 6 शिलिंग. त्यानंतरही मालक ते कुत्रं पोसत राहिला तर दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 30. पुढे इंग्लिश न्यायालयांत प्रश्न असायचा तो कुत्र्याचा स्वभाव मालकाला ठाऊक होता का, हा. त्यामुळे ‘आमचा काही करत नाही हो’ हा बचाव तिथे बरीच शतकं खपला.

शहरं दाटली तशी ही सवलत परवडेना. 1839 च्या लंडन पोलीस कायद्यानं चाव्याची वाट पाहणंच सोडलं. हिंस्र कुत्रं मुसकं न बांधता रस्त्यावर मोकळं सोडलं, की दंड. त्याच वळणाचं कलम 1951 च्या मुंबई पोलीस कायद्यातही आलं. त्याआधी 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 289 होतंच. जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुलै 2024 पासून हेच भारतीय न्याय संहितेचं कलम 291 झालं आणि दंडाची मर्यादा 5000 वर गेली. इथे कोणी चावण्याचीही गरज नाही, हयगय पुरते.

2010 मध्ये मुंबईच्या नेपियन सी रोडवर दोघांचा मालमत्तेवरून वाद चालला होता. एकाचा रॉटवायलर गाडीत भुंकत होता. दार उघडू नका, अशी विनवणी होऊनही मालकानं ते उघडलं. कुत्रं थेट अंगावर गेलं आणि 72 वर्षांच्या गृहस्थांना तीनदा चावलं. 2023 मध्ये निकाल लागला. कुत्र्याच्या आक्रमकपणाची मालकाला कल्पना होती, असं न्यायालयानं म्हटलं आणि त्याला तीन महिन्यांची कैद सुनावली. चावलं कुत्रं, पण दार उघडणारा हात माणसाचा होता, आणि कायदा पहिल्यापासून त्या हाताकडेच बघत आलाय.