वासराला जागा, मग लेकीला का नाही?

वैष्णवजनहो, आपल्या संप्रदायाचे मंदिर कसे उभे राहिले, हे सांगणारा अभंग सगळ्यांना पाठ आहे. पाया ज्ञानोबारायांचा, कळस तुकोबारायांचा. मीही तो चाळीस वर्षे निरूपणाला घेतला. पण हे मंदिर आपल्याला दाखवणारी एक बाई होती, याचा विचार फार उशिरा केला.

त्या शिऊरच्या संत बहिणाबाई. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. बालपणीच लग्न झाले, तेही वयाने पुष्कळ थोर अशा बिजवराशी. भाऊबंदकीत गाव सुटले. भिक्षा मागत, तीर्थे करीत कुटुंब कोल्हापुरास आले. तिथे घरात एक कपिला गाय आली, आणि तिच्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्यांच्यामागे तेही कीर्तनाला जाई. एके दिवशी गर्दीत अडचण होते म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढले. ते हंबरू लागले. जयरामस्वामींनी कीर्तन थांबवून वासराला आत आणवले आणि त्या लेकीच्याही डोक्यावर हात ठेवला.

ही वार्ता घरी पोचली, तेव्हा पतीने तिला मारून बांधून ठेवले. पुढे वासरू गेले, ती बेशुद्ध पडली, आणि त्याच अवस्थेत तुकोबारायांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. ब्राह्मणाच्या स्त्रीने शूद्राचा उपदेश घ्यावा, हे पतीला सोसेना. तो घर सोडून निघणार, तोच आजारी पडला. दुखण्यात त्याचे मन पालटले आणि दोघे देहूस गेली. तिथेही मंबाजीने छळ केलाच. हे सारे त्यांनी आपल्या अभंगांत स्वतः सांगून ठेवले आहे.

वेदाचा अधिकार नाही, घरात मार. मग देवाने त्यांना तयार कशाने केले? श्रवणाने. तीर्थांवर कानी पडलेले कीर्तन-पुराण हीच त्यांची पाठशाळा. ब्राह्मण कोणाला म्हणावे, हे विचारणारी वज्रसूची त्यांनीच मराठीत आणली. १७०० साली देह ठेवला तेव्हा त्यांचा अधिकार सगळ्यांना मान्य होता. देव आधी निवडतो, मान्यता मागाहून येते. चौदा वर्षांच्या चांगदेवांना मुक्ताईंनी उपदेश केला, असे आपण म्हणत नाही. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना केला, असे म्हणतो. वय, जात, बाईपण, देवाने काहीच मोजले नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, तीही हेच सांगते.

आता माझा अपराध सांगतो. आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाची चुरणी झाली की गावोगाव सप्ताह बसतात. वैनगंगेकाठच्या एका गावी ठरलेले कीर्तनकार आले नाहीत. गावकरी म्हणाले, "महाराज, आमच्या एका बाईला ज्ञानेश्वरी तोंडपाठ आहे, तिला उभी करू का?" मी म्हणालो, "नारदाच्या गादीवर बाई शोभत नाही." आणि स्वतःच उभा राहिलो. त्या रात्री निरूपणाला अभंग घेतला तो हाच, मंदिराचा! ती बाई खांबाला टेकून शेवटपर्यंत ऐकत होती.

घरी आल्यावर गाथा उघडली आणि त्या अभंगाखालचे नाव वाचून मान खाली गेली. जयरामस्वामींनी वासराला आत घेतले होते. मी लेकीला बाहेर ठेवले.

पुढच्या वर्षी मी स्वतः तिच्या दारी गेलो. ती म्हणाली, "आता आवाज उतरला जी महाराज. माझ्या सुनेला उभी करा." सून उभी राहिली. मी मागे टाळ घेऊन उभा होतो. चाल एकदोनदा चुकली, पण शब्द काळजातून येत होता.

वारकरी मायबापहो, तुमच्या गावातही कुणी खांबाला टेकून बसली असेल. तिला विचारा. विठोबाने आधीच निवडलेले असते, आपण फक्त वाट अडवू नये.

रामकृष्ण हरी.