आचरा : रामेश्वर मंदिर व बाजारपेठेचा रस्ता

आचरा (आचरे) : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील किनाऱ्यावरचे मोठे गाव व जुने लहान बंदर. मालवणच्या उत्तरेस सुमारे २० किमी.; देवगडकडे जाणारा सागरी महामार्ग आणि कणकवलीहून उतरणारा रस्ता येथे मिळतात. उत्तरेस आचऱ्याची खाडी आहे. चिंदर, त्रिंबक, वायंगणी, तोंडवळी, मुणगे ही शेजारची गावे. पिरावाडी, हिर्लेवाडी, पारवाडी, जामडूल अशा वाड्यांत वस्ती विखुरलेली असून किनाऱ्याच्या वाड्यांत रापण (ओढजाळे) व होडीची मासेमारी, तर आतल्या वाड्यांत भात, माड व आंबा यांवर घरे चालतात.

हा सारा मुलूख सत्तेच्या चढाओढीचा. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८१२ मध्ये मालवण इंग्रजांना दिले. आचऱ्याच्या दक्षिणेस कालावल खाडीच्या दोन काठांवर भरतगड व भगवंतगड समोरासमोर आहेत. सावंतवाडीकर सावंत आणि बावडेकर पंत अमात्य यांच्या वैरातून हे दोन्ही किल्ले उभे राहिले. एवढ्या खटाटोपाच्या मुलखात असूनही आचऱ्याची ओळख किल्ल्याने किंवा वखारीने झाली नाही. ती देवळाने झाली.

श्री देव रामेश्वर हे ग्रामदैवत. त्याच्या नावामागे आजही ‘इनामदार’ हे बिरुद लागते आणि कारभारही ‘संस्थान’ म्हणूनच चालतो. हा निव्वळ मान नव्हे; मंदिराची मांडणी त्यातून समजते. गाभाऱ्यात शिवलिंग असले, तरी वास्तूचे मन सभामंडपात आहे. देवाचा दरबार येथे भरतो, गावऱ्हाटीचे (गावच्या धार्मिक व्यवस्थेचे) मानकरी आपापल्या जागी बसतात आणि कौल, म्हणजे देवाची अनुज्ञा, घेतला जातो. गुढीपाडव्यापासून हनुमान जयंतीपर्यंतच्या रामनवमी उत्सवात कीर्तन आणि गाण्याच्या बैठकी याच मंडपात होतात. शंकराच्या देवळात रामाचा एवढा मोठा उत्सव व्हावा, हे या गावाचे खास वैभव. संस्थानचा गणेशोत्सवही महिन्याहून अधिक काळ चालतो. बाहेरच्या प्रशस्त आवारात दीपमाळा आहेत. पालखी फिरते तेव्हा एवढी मोकळी जागा कशासाठी राखली, ते कळते. कोकणातील मंदिरे कळसावरून जोखण्याची सवय सोडून ती आवारावरून जोखावीत, तरच आचऱ्याचे मोठेपण ध्यानात येते.

तिठ्यावरून बाजारपेठेत शिरणाऱ्या रस्त्यावर एकही राजेशाही इमारत नाही, पण जांभ्याच्या बांधकामाचा हा उत्तम नमुना आहे. खाणीतून काढताना जांभा तासता येण्याइतका मऊ असतो आणि वाऱ्याउन्हात कठीण होतो. त्याचे चिरे रचून उंच जोते, त्यावर पडवी, आत ओटी व माजघर आणि वर फणस, ऐन किंवा माडाच्या लाकडावर उतरते छप्पर, अशी जुन्या घराची रचना. पेठेतल्या घरात पुढची पडवी दुकानाला जाते. फळ्यांच्या दारामागे माल आणि त्याच्यामागे संसार. वाडीतल्या घरापुढे मात्र शेणाने सारवलेले खळे (अंगण), तुळस आणि बाजूला मांगर (शेतीचे उपघर). दगड सच्छिद्र असल्यामुळे भिंतीला पावसाचा मारा सोसत नाही. म्हणून वळचण लांब काढतात आणि पावसाळ्यात पडवीला माडाच्या विणलेल्या चुडतांचा आडोसा बांधतात. पूर्वी छपरावर गवत किंवा नळीची कौले असत. बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यावर तिथली चपटी लाल कौले पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून सर्वत्र पोहोचली. आज आपण ज्याला अस्सल कोकणी छप्पर म्हणतो, ते असे बाहेरून आले आहे. घराघरांमधले चिऱ्यांचे गडगे (कुंपणभिंती) आणि त्यांमधून जाणाऱ्या पाणंदीही जपण्याजोग्या वास्तूच आहेत, जरी त्यांची नोंद कोणत्याही यादीत होत नसली.

गावच्या सार्वजनिक वास्तूंमागे मुंबईच्या चाकरमान्यांचा हात आहे. न्यू इंग्लिश स्कूल ही माध्यमिक शाळा ‘धी आचरा पीपल्स असोसिएशन, मुंबई’ या संस्थेची. रामेश्वर वाचन मंदिर हे गावचे जुने ग्रंथालय. देवाच्या नावाने पुस्तके वाचायला देणारे गाव म्हणून त्याचा अभिमान वाटावा असेच ते आहे.

हा सारा रस्ता काही वर्षांच्या अंतराने पूर्ण रिकामा होतो. रामेश्वराचा कौल मिळाला की गावपळण ठरते. सर्व जातिधर्मांचे लोक गुरे, कोंबड्या, कुत्री यांसह वेशीबाहेर जातात. शेजारच्या गावांच्या हद्दीत माळावर किंवा खाडीकाठी राहुट्या उभारून तीन दिवस, तीन रात्री काढतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि देवाने हुकूम दिला तरच परततात. चिंदर, वायंगणी येथेही ही प्रथा आहे. वैभववाडी तालुक्यातील शिराळे गावात ती दरवर्षी होते. भुताखेतांपासून गाव मोकळे करण्याची समजूत, गावाला विसावा, एकत्र राहण्याचा आनंद अशी कारणे सांगितली जातात. वास्तूंच्या अभ्यासकाला या प्रथेतून आणखी एक गोष्ट दिसते. येथे घराची मालकी माणसाची असली, तरी गावाची मालकी देवाची मानतात. म्हणूनच पेठेतल्या दुकानदारापासून खळ्यातल्या शेतकऱ्यापर्यंत सगळे एकाच दिवशी दाराला कडी लावून निघतात.

पेठेत आता स्लॅबची दुमजली बांधकामे वाढत आहेत आणि बंद घरांची छपरे पावसागणिक खचत आहेत. मंदिराला संस्थानचे बळ आहे, घरांना ते नाही. पेठेतील फळ्यांच्या दारांची दुकाने, जुनी माजघरे आणि गडगे यांचे मोजमाप व छायाचित्रण ग्रामपंचायत व शाळेने मिळून वेळीच करून ठेवणे निकडीचे आहे.