आधी औषध, मग उंदरांचं विष

हृदयात धातूची झडप बसवली की डॉक्टर जन्मभरासाठी रक्त पातळ करायची गोळी देतात. झडपेवर धरलेली गुठळी निसटून मेंदूत अडकली तर पक्षाघात होतो, म्हणून. पण ही गोळी म्हणजे मुळात उंदराचं विष, असं कुणीतरी सांगतं आणि घरचे धास्तावतात. प्रत्यक्षात या गोळीच्या कुळात औषध आधीचं आणि विष नंतरचं आहे.

हे कूळ निघतं गोठ्यातून. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं शिंगं कापल्यासारख्या साध्या जखमेनंही रक्तस्राव होऊन मरू लागली. त्यांची वैरण होती स्वीट क्लोव्हर, आपल्या मेथीच्या भाऊबंदांतली. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानं एकाच गंजीतल्या चांगल्या काड्या एका सशाला घातल्या, खराब झालेल्या दुसऱ्याला. पहिला धडधाकट राहिला, दुसरा रक्तस्रावानं मेला. वैरणीतल्या निरुपद्रवी कूमारिनचं बुरशी रक्त गोठू न देणारं डायकूमारॉल करते, हे पुढे उलगडलं.

त्यामागची गोष्ट कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञानंच सांगितली आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून तीनशेएक किलोमीटर गाडी हाकत विस्कॉन्सिन विद्यापीठात आला. सोबत मेलेली कालवड, कुजकी वैरण आणि कॅनभर रक्त, जे गोठतच नव्हतं. १९३९ मध्ये लिंकच्या प्रयोगशाळेनं डायकूमारॉल वेगळं काढलं आणि १९४१ पासून ते रुग्णांना दिलं जाऊ लागलं. त्याचाच भाऊ वॉरफरिन उंदरांसाठी बाजारात आला तो १९४८ मध्ये; माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली १९५४ मध्ये.

एका अमेरिकन जवानानं १९५१ मध्ये हे विष खाल्लं, व्हिटॅमिन के दिल्यावर तो वाचला आणि मग डॉक्टरांचे डोळे उघडले, अशी कथा लोकप्रिय आहे. मला ती अपुरी वाटते. विषाचा उतारा त्यातून लोकांपुढे आला खरा, पण औषधाची वाट दहा वर्षं आधीच मळलेली होती.

आता झडपेकडे येऊ. १९६० मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला शल्यविशारद अल्बर्ट स्टार यांनी इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांची चेंडूवाली झडप बसवली. धातूच्या झडपा टिकल्या त्या रचना सुधारल्यामुळे, असं काही जण म्हणतात. रचनेचा वाटा आहेच. पण १९९४ च्या एका मोठ्या आढाव्यात गोळीविना वर्षाला १०० रुग्णांमागे सुमारे ४ जणांना निसटलेल्या गुठळीचा गंभीर फटका बसत होता, गोळीनं हे प्रमाण १ वर आलं. २०१२ मध्ये तर डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या औषधाची झडपवाल्या रुग्णांतली चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली: ते घेणाऱ्यांत ५ टक्क्यांना पक्षाघात झाला, वॉरफरिन घेणाऱ्यांत एकालाही नाही.

माझ्या मते कारण या कुळातच आहे. डॅबिगॅट्रान रक्त गोठवणाऱ्या फक्त एका घटकाला, थ्रॉम्बिनला, अडवतं. वैरणीचं हे रसायन यकृतातच रक्त गोठवणाऱ्या चार घटकांची घडण अपुरी ठेवतं. धातूला लागून रक्त अनेक वाटांनी गोठू पाहतं, तिथे एक दार लावून भागत नाही.

भारतात याच कुळातलं ॲसेनोकूमारॉल सर्रास देतात. ते उंदरांच्या विषाचा उष्टा वारसा नाही. म्हणून गोळी मनानं थांबवू नये, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर वेळेवर तपासावा आणि व्हिटॅमिन के असलेलं मेथी-पालक रोजच्या मापानं खावं.