वेल्डिंग मशीनचा खरा पत्ता कुठला?

गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ग्रिलचं काम चालू असलं की आपण ठिणग्या बघत उभे राहतो. (बघू नका, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.) मी मात्र हल्ली त्याच्या मशीनमागची पट्टी वाचतो. त्यावर एकाच गावाचं नाव असतं, पण मला ते कधीच पुरेसं वाटत नाही. या धंद्याची किल्ली असते मशीनमधली सगळ्यात अवघड वस्तू बनते तिथे. आणि ती वस्तू काळाप्रमाणे बदलत आलीय.

सुरुवातीला अवघड होता तो रॉड. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरात ऑस्कर शेलबर्ग नावाचा इंजिनिअर जहाजांचे गळके बॉयलर दुरुस्त करायचा. नुसत्या लोखंडी तारेने जोड दिला की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरायचा, आणि जोड ठिसूळ व्हायचा. त्याने काय केलं, तर तार कार्बोनेट आणि सिलिकेटच्या दाट लापशीत बुडवून वाळवली. हा लेप जळताना वायूचं पांघरूण तयार होतं, आणि जोडावर एक खपली धरते. वेल्डर हातोडीने टकटक करून पाडतो ना, तीच ती! 1904 मध्ये त्याने ‘ईसाब’ कंपनी काढली. 1920 मध्ये इंग्लंडच्या बर्कनहेडला ‘फुलागार’ हे रिव्हेट न मारता, पूर्ण वेल्डिंगने जोडलेलं समुद्रात जाणारं पहिलं जहाज तयार झालं.

मशीनची गोष्ट मात्र अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची. तिथे जॉन लिंकनने 1895 मध्ये 200 डॉलरवर विजेच्या मोटारी बनवायचा धंदा सुरू केला. त्या काळचं वेल्डिंग मशीन म्हणजे जनरेटर फिरवणारी मोटारच, त्यामुळे मोटारवाला वेल्डिंगमध्ये आला यात नवल नाही. 1911 मध्ये त्याच्या कंपनीने एका माणसाला वापरता येईल असं, व्होल्टेज कमी-जास्त करता येणारं फिरतं मशीन आणलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने 2,710 लिबर्टी जहाजं झपाट्याने बांधली, त्यात वेल्डिंगचा वाटा मोठा होता.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर धरणं, रेल्वे, कारखाने उभे करायचे म्हणजे रॉड हवेतच, आणि ते सगळे बोटीने आणणं परवडणारं नव्हतं. 1951 मध्ये अडवाणींची कंपनी आणि स्वित्झर्लंडची ओर्लिकॉन एकत्र आली. (ओर्लिकॉन हा झुरिकचा एक भाग, आपल्या भांडुपसारखाच कारखान्यांचा.) आणि कारखाना काढला तो भांडुपमध्येच! हीच कंपनी आज ‘एडोर वेल्डिंग’ म्हणून चालते, आणि तिची मशीन चिंचवडला, आकुर्डीच्या खंडोबा मंदिराजवळ बनतात. शेलबर्गच्या ईसाबचा कारखाना नागपूरजवळ कळमेश्वरला आहे. रॉडच्या लेपात लागणारं रुटाइल हे खनिज केरळात चवऱ्याच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूतून निघतं. म्हणजे लेपाचं कोडं आपण सोडवलं.

मशीनचं तर त्याहून सोपं झालं. घरोघरी वीज पोहोचली तशी जनरेटरची जागा ट्रान्सफॉर्मरने घेतली. लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि त्यावर तांब्याची तार, बस्स. अहमदाबाद, राजकोट, कोइमतूरच्या छोट्या वर्कशॉपमधून ही मशीन निघायला लागली. जळालं तर शेजारचा वाइंडिंगवाला तार भरून द्यायचा. (काही जण तांब्याऐवजी गुपचूप अॅल्युमिनियम भरतात, ते वेगळं.) ज्या गावात मशीन होतं, त्याच गावात ते दुरुस्त करणारा माणूसही होता. माझ्या मते हा या इतिहासातला सगळ्यात मोलाचा टप्पा, आणि त्याच्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

मग इन्व्हर्टर आला. घरची वीज सेकंदाला 50 वेळा दिशा उलटसुलट करते, तेवढ्यावर चालायला मोठा गाभा लागतो. इन्व्हर्टर तीच वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, मग मुठीएवढा गाभाही पुरतो. दोघांनी उचलायचं मशीन एका खांद्यावर आलं. ही चालू-बंद करणारी वस्तू म्हणजे आयजीबीटी. ती 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये बी. जयंत बालिगांनी विकसित केली. ते चेन्नईत जन्मलेले, आयआयटी मद्रासला शिकलेले. 2024 मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

पण ती बनवणारी मोठी नावं बघा: जर्मनीची इन्फिनिऑन, जपानच्या फुजी आणि मित्सुबिशी. खांद्यावरची स्वस्त मशीन ढिगाने येतात ती चीनच्या शेन्झेनसारख्या शहरांतून. पावसाळ्यात ओल शिरून असं मशीन बंद पडलं, की वाइंडिंगवाला झाकण उघडतो आणि परत लावतो. भरायला तारच नसते, बदलायचा असतो तो अख्खा बोर्ड. तेव्हा घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, “बोर्ड गेला तर नवा कुठून येणार?” तो जे गाव सांगेल, तोच त्या मशीनचा पत्ता.